बिनफोडणीचं घर

मामी,

तू गेल्यावर सात दिवस आपल्या घरात फोडणी पडली नाही. शेजारणी आळीपाळीने भात आणि साधं वरण आणून देत होत्या. मामा ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. आठव्या दिवशी मी कढई ठेवली, तेल तापलं, मोहरी मुठीत घेतली आणि हात थांबला. तुझं नाक आठवलं. वस्तीतल्या गल्लीत शिरताना तू मान जराशी वर करायचीस, वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ह्या घरात दोन दिवस झाले फोडणी नाही. दार वाजव." एखाद्या नवख्या माणसाला वाटलं असतं, बाईला भूक लागलीय. तू गोवर हुंगत होतीस.

तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं, महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर आरोग्यसेविका म्हणून तू किती वर्षं घरोघर फिरलीस, हे सगळं मामाने पुण्यानुमोदनाच्या कार्डावर छापून घेतलं आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी एक जुनं भांडण पुरं करायचं आहे आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी तू जिवंत असताना मी कुणालाच सांगितली नाही.

मंठ्याहून मी तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत दोन ड्रेस होते आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये पदवीचं प्रमाणपत्र. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घरातली पहिली पदवी. लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता आणि मुंबईत राहायला जागा नव्हती. मी मामाची भाची. तुझं माझं रक्ताचं काही नातं नव्हतं. साकीनाक्याच्या मागच्या टेकडीवरच्या त्या एका खोलीत तू तुझी ट्रंक हलवलीस आणि त्या जागेत माझं अंथरूण घातलंस. "पुस्तकं पत्र्याच्या बाजूला नको ठेवूस, गरम होतात," एवढंच म्हणालीस. त्यावर मी कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, ही सोय फार चुकीची आहे.

तुझा गुडघा दुखायला लागला तशी मी तुझी बॅग धरून सोबत यायला लागले. तू मला नावाने हाक मारायचीच नाहीस. "ए बी.एस्सी., पेन दे." "ए बी.एस्सी., ही पायरी तुटकी आहे, बघून चाल." गल्लीतल्या बायका हसायच्या. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं, कारण तू ते शब्द असे म्हणायचीस की ऐकणाऱ्याला कळावं, आमच्या घरात एक आहे.

गोवराचा विषाणू कुठल्या कुळातला, त्याचं आवरण कसं असतं, हे मला पाठ होतं. गोवर झालेलं पोर मात्र मी पाहिलं नव्हतं. ते तू दाखवलंस. "आधी पुरळ नसतो गं. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक गळतं, डोळे लाल. पोराचा चेहरा कसा दिसतो माहितेय? खूप रडून आल्यासारखा. आणि आईला विचारलंस तर म्हणते, नाही, रडला नाही. उजेडाकडे बघत नाही. तेव्हाच ओळखायचं." मग कानामागे बघायचं, केस सुरू होतात तिथे बघायचं. लाल पुरळ तिथून सुरू होतो, तोंडावर येतो, छातीवर, मग पायांपर्यंत उतरतो. "घामोळं असेल तर ताप नसतो. कांजिण्या असतील तर पाण्याचे फोड असतात. हे सपाट असतं, हात फिरवलास तर खरखरीत लागेल." नववीत शाळा सुटलेली तू एवढं सांगायचीस आणि पुढच्या दाराकडे निघायचीस.

आणि "ताप आहे का?" असं कधी विचारायचं नाही, हेही तूच शिकवलंस. तसं विचारलं की सगळे नाही म्हणतात. "आज काय शिजवलंय?" असं विचारायचं. गोवर म्हणजे देवी आली, असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. देवी घरात असली की फोडणी नाही, तळण नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही. ती माणसं आजार लपवतात, पण स्वयंपाक लपवता येत नाही. तू तिथूनच धागा पकडायचीस.

त्या दिवशी तुझा गुडघा सुजला होता आणि तू मला एकटीला पाठवलंस. मी खूश झाले होते. चौथ्या गल्लीत शांताबाईंच्या दाराला कडुलिंबाचा ताजा डहाळा होता. आत त्यांची सून रेश्मा, चार वर्षांची नात परी आणि आठ महिन्यांचा नातू. परी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कानामागे पुरळ होता. मी ओळखला, मामी. माझा पहिला गोवर मी अचूक ओळखला. आणि तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

"आजी, ही देवी नाही, हा विषाणू आहे," मी म्हणाले. "हा पाला लावून काही होत नाही. ह्या अंधश्रद्धेपायी पोरं मरतात."

शांताबाई म्हणाल्या, "हळू बोल. ती ऐकतीय."

"कोण ऐकतंय?"

त्यांनी हात जोडले, खाटेच्या दिशेने. आणि मी, आमच्यात पहिली पदवी घेतलेली, घरातले देव कधीच सोडून दिलेल्या आजोबांची नात, वळले आणि दाराचा डहाळा ओढून काढला. तो उंबऱ्यावर पडला. बाहेर पडताना माझी चप्पल त्यावर पडली. मला आजही सांगता येत नाही की ती चुकून पडली.

घरी येऊन मी तुला सगळं अभिमानाने सांगितलं. तू चहा पीत होतीस.

"हात लावलास पाल्याला?"

"हो. काढून टाकला."

"पायाखाली?"

मी दाराशी काढलेल्या चपलांकडे बघितलं. तू कप खाली ठेवलास. रागावली नाहीस. "त्या घरात तान्हं आहे ना एक?" एवढंच विचारलंस.

"हो. आठ महिन्यांचं. लस नऊ महिन्यांनी असते ना, अजून व्हायचीय."

"म्हणजे ते उघडंच आहे. आता दार बंद करतील बघ ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "कालच गेल्या सगळ्या. कोणीतरी देवीचा अपमान केला म्हणे. लेकीकडे गेल्यात, आरे कॉलनीत. जावई तबेल्यात कामाला आहे ना." माझ्याकडे बघून ती आत निघून गेली. पुरळ आलेली पोर आणि लस न झालेलं तान्हं, दोघं रिक्षातून, माणसांमधून, आणखी पोरं असलेल्या घरात गेली होती. गोवर खोकल्यातून, हवेतून पसरतो, पुरळ यायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस. हे मला परीक्षेत आलं होतं. मी पूर्ण गुण मिळवले होते.

सुजलेल्या गुडघ्याने तू मरोळ नाक्यापर्यंत आलीस. आरेतून जाणाऱ्या बसमध्ये आपण बसलो. वाटेत एका थांब्यावर तू मला घेऊन उतरलीस, रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा डहाळा तोडलास आणि मागून आलेल्या बसमध्ये पुन्हा चढलीस. तो डहाळा तू मांडीवर घेऊन बसली होतीस. आपलं भांडण तिथे सुरू झालं.

"मामी, हे काय करतेस? आपण हे सगळं सोडलं ना?"

"आपण सोडलं. त्यांनी नाही सोडलं."

"मग त्यांना सांगायला नको?"

"सांगू ना. दार उघडल्यावर सांगू. बंद दाराला काय सांगतेस, बी.एस्सी.?"

"तू अंधश्रद्धेला खतपाणी घालतेस."

पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून बघितलं. तू त्याला म्हणालीस, "भाची आहे माझी. हुशार आहे." आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस.

तबेल्यामागच्या क्वार्टरच्या दारात शांताबाई उभ्या राहिल्या आणि बाजूला सरल्या नाहीत. "ही नको आत. हिनं माझ्या दारची देवी पायदळी घातली."

"शांताक्का, चुकलं तिचं," तू म्हणालीस. "शिकलेली आहे. शिकलेल्या माणसाला कधी कधी जवळचं कमी दिसतं."

"तुमच्यात देवी मानत नाहीत. तुम्हाला काय पडलंय?"

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तू खोटं बोलशील. हात जोडशील, काहीतरी म्हणशील. तू म्हणालीस, "नाही मानत. खोटं कशाला बोलू तुझ्याशी? देवी नाही मानत, पण लेकरू मानते मी."

मग तू तो डहाळा माझ्या हातात दिलास. "लाव दाराला."

मामी, तो डहाळा मी बांधला. सुतळी सापडेना, तर माझ्या ओढणीची किनार फाडून बांधला. सगळे बघत होते. शांताबाईंच्या लेकीची दोन पोरंही. माझ्या डोळ्यांसमोर आजोबा होते, ज्यांनी आपल्या हाताने घरातले देवांचे टाक नदीत सोडले आणि मग मुलांना शाळेत घातलं. त्या दिवशी तू मला त्यांच्यापासून दूर नेलंस असं मला वाटलं. कितीतरी दिवस मी तुला त्याबद्दल माफ केलं नाही. परतीच्या बसमध्ये तू म्हणालीस, "तिची वस्तू होती, तिला परत दिलीस. एवढंच झालं. तुझं काही गेलं नाही." ते भांडण तिथेच राहिलं.

पण मधे जे झालं ते मी विसरणार नाही. शांताबाई बाजूला झाल्या. तू आत गेलीस, हात धुतलेस आणि परीच्या उशाशी बसलीस. तिला तीन दिवस पोटभर पाणी दिलेलं नव्हतं, देवी असताना द्यायचं नाही असं कुणीतरी सांगितलेलं.

"शांताक्का, पाहुणी आली म्हणतेस ना घरात? मग पाहुणीला उपाशी ठेवतात का? पाणी दे. खिमट दे. डोळे ओल्या कापडाने पूस. आणि हिच्या डोळ्यासाठी व्हिटॅमिन 'ए'चं औषध आहे, आज एक आणि उद्या एक, हेल्थ पोस्टवर सिस्टर देतील. गोवर डोळे नेतो, कान नेतो. आपल्याला पोर अख्खी पाहिजे."

"सुई टोचायची नाही हां. हिला मागं एक सुई दिली तर दोन दिवस तापली होती. म्हणून पुढचं काही घेतलंच नाही आम्ही."

"दोन दिवस तापली होती ना? आज कितवा दिवस?"

रेश्मा म्हणाली, "सहावा."

"एक गोवराची लस नऊ महिन्यांना, दुसरी सोळा महिन्यांनंतर. दोन सुयांचा ताप एका पारड्यात घाल आणि हे एका पारड्यात," तू म्हणालीस. "मी ओरडत नाहीये. फक्त वजन कर म्हणतेय."

देवीच्या घरात बाहेरच्याने यायचं नाही, हा त्यांचाच नियम तू त्यांना परत सांगितलास. पुरळ आल्यापासून निदान चार दिवस परीला पोरांत सोडायचं नाही, लेकीची दोन्ही पोरं आजच तपासून घ्यायची, त्यांची लस राहिली असेल तर लगेच डॉक्टरांना विचारायचं. डहाळा दारालाच राहू दे, म्हणालीस, तो बघून तरी कुणी आत येणार नाही. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. पुस्तकात ज्याला विलगीकरण म्हणतात ते तू त्यांच्याच भाषेत त्यांच्याकडून करून घेत होतीस.

आणि मग तू तान्ह्याला मांडीवर घेतलंस. रेश्माला नाही, शांताबाईंना जवळ बोलावलंस. "हा घरातच होता, ह्याला लागण झाली असणार. डॉक्टरांना आजच दाखवू. पण घरी बघायचं तुला आहे. अंगावरचं दूध तोडायचं नाही. ताप आला की कळव. आणि हे बघ, इथे, बरगडीच्या खाली. श्वास घेताना इथे खड्डा पडायला लागला, किंवा दूध ओढेनासा झाला, तर कुणाला विचारत बसायचं नाही. देवीला नाही, तुझ्या मुलाला नाही, मला पण नाही. उचलायचं आणि दवाखाना." तू त्यांचं बोट धरून त्या बाळाच्या बरगडीखाली ठेवलंस.

आपण आरेत गेलो त्याच्या अकराव्या दिवशी, दुपारी, शांताबाई बाळाला छातीशी धरून टेकडी उतरून हेल्थ पोस्टकडे धावत आल्या. त्या तोवर साकीनाक्याला परतल्या होत्या. पायात चपला नव्हत्या. "खड्डा पडतोय गं! खड्डा पडतोय!" एवढंच ओरडत होत्या. सिस्टरने बाळ बघितलं आणि रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर धावली. गोवरानंतरचा न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावावा लागला. सहा दिवस तू रोज इस्पितळात जात होतीस आणि मी बाहेरच्या बाकावर बसत होते, आत जायची हिंमत नव्हती. तो वाचला नसता तर ते माझ्या चपलेखाली झालं असतं. हे तू मला एकदाही म्हणाली नाहीस. सहाव्या दिवशी तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "दूध ओढतोय. चल, आता जेवू काहीतरी. वडापाव चालेल, बी.एस्सी.ला?"

मग आपण वस्तीत राहिलेल्या पोरांची यादी केली. तुझ्यासोबत दारोदार कोण फिरलं? शांताबाई. "माझं ऐका," त्या बायकांना म्हणायच्या, "मी बघून आलेय." आपल्या दोघींच्या शब्दांपेक्षा त्यांच्या त्या पाच शब्दांनी जास्त पोरं लसीच्या रांगेत आणली. त्या बाळाची लस डॉक्टरांनी सांगितली तेव्हा त्याच घेऊन आल्या, आणि परत जाताना मला म्हणाल्या, "तापला तर दोन दिवस तापंल. तू घाबरू नको." त्या मला सांगत होत्या.

आता ती गोष्ट.

महिनाअखेरच्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, "आरेतलं ते घर शोधलं कोणी? तिथल्या दोन मुलांना वेळेत तपासलं गेलं, हे फार मोठं काम झालं." सगळ्या सेविका तुझ्याकडे बघायला लागल्या. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि मला उभं केलंस. "हिने. माझी भाची. बी.एस्सी. आहे." टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी माझं नाव लिहून घेतलं. पुढे त्यांनी दिलेल्या शिफारशीच्या पत्रावर मला अंधेरीच्या एका प्रशिक्षण संस्थेत नोकरी लागली, आज मी नव्या आरोग्यसेविकांना शिकवते ती तीच नोकरी. मी त्या टाळ्यांत उभी राहिले, मामी. खाली बसले नाही. नाही म्हणाले नाही.

घरी जाताना मी विचारलं, "खोटं का बोललीस? शांताबाईंशी तर खोटं बोलली नव्हतीस."

"खोटं कुठे? परीला गोवर आहे हे तूच ओळखलंस ना आधी?"

"आणि पुढचं?"

"पुढचं मी बघितलं. पुरे. सगळ्यांनी कशाला बघायचं?" मग थोडं चालून झाल्यावर गुडघा धरून थांबलीस. "आणि मला काय प्रमोशन देणार होते काय कुणी? नववीवाली मी. तुला पुढे जायचंय."

माझं यश म्हणून गेली काही वर्षं जे सांगितलं जातं, ते तू माझ्या नावावर लावलेलं आहे. ह्या बोलण्यानंतर आपण पुन्हा तो विषय काढला नाही. मी पगार आणायला लागले, तुला गुडघ्याचा पट्टा आणला, मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटायचं त्यात ते येऊन गेलं. येत नाही.

आणि ते भांडण? मी अजून तुझ्याशी सहमत नाही. ज्या दिवशी एखादी आई डहाळा लावून पोर घरातच ठेवेल आणि आपल्याला फोडणी बंद झाल्याचंही कळणार नाही, त्या दिवसाची मला भीती वाटते. आपण कधीतरी, कुणीतरी, त्यांना हे नाही म्हणून सांगायलाच हवं. पण आता मला माहीत आहे की ते दाराच्या आत बसून सांगायचं असतं, आणि आत बसायला आधी बाहेर उभं राहावं लागतं. तू म्हणाली असतीस, "एवढं कळायला एवढी वर्षं? आणि फीसुद्धा भरली!"

काल संस्थेत नवीन तुकडीचा पहिला दिवस होता. तू गेल्यानंतरचा माझाही पहिलाच. गोवराच्या धड्यावर आले. रडून आल्यासारखा चेहरा सांगितला, कानामागे बघायचं सांगितलं, बरगडीखालचा खड्डा हाताने दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, आम्हाला सांगितलंय, आरेतलं ते घर तुम्ही शोधलं होतं ना? कसं शोधलं?"

मी म्हणाले, "नाही. ते घर मी हरवलं होतं." आणि मग सगळं सांगितलं. डहाळ्यावर पडलेली चप्पल, आरेच्या बसमधलं भांडण, ओढणीची किनार, टाळ्या. कुणी हसलं नाही. सांगून झाल्यावर मी फळ्याकडे वळले आणि तुझं नाव लिहिलं, कुसुम. पूर्ण नाव, मामाच्या नावासकट. त्याखाली लिहिलं, शिक्षण, नववी.

मुलींनी वह्या उघडल्या आणि ते उतरवून घेतलं.